थंडी अडव, घर तापवू नको

पोरी, बाळाला घेऊन तू यवतमाळला परत जाशील तेव्हा पौषातला गारठा पडलेला असेल. दोन खोल्या, डोक्यावर उघडी गच्ची आणि घर भाड्याचं. खोली फार गार पडते म्हणून जावईबापूंनी दोन हजार वॅटचा हीटर पाहून ठेवलाय, असं तू म्हणालीस. तो घ्यायच्या आधी माझं ऐकून घे. तुझे आजोबा जिल्हा परिषदेचे मास्तर. उमरखेड, दिग्रस, पांढरकवडा, वणी अशा बदल्या होत गेल्या आणि आमचा सगळा संसार भाड्याच्या घरांतच झाला. कवेलूखाली, टिनाखाली, स्लॅबखाली हिवाळे काढले. त्यात जे कळलं, आणि जे माझ्या सासूबाईंनी, एका पिंजाऱ्यानं, एका जुन्या वायरमननं सांगितलं, ते तुझ्या हवाली करते.

आपल्या जिल्ह्यातली घरं बांधतात ती उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, म्हणून बांधणारा वारा कुठून येईल एवढंच पाहतो. दारावर झरोका, भिंतीत जाळी, न्हाणीला कायमची उघडी खिडकी. हिवाळ्यात रात्री याच वाटांनी थंडी आत येते. पण आपल्या हिवाळ्याचं एक बरं आहे. दिवसा छान कोवळं ऊन असतं, स्वेटर काढून ठेवावा लागतो. गारठा आहे तो दिवस मावळल्यापासून सकाळपर्यंत, आणि लाट आली की तेव्हा पारा दहाच्याही खाली उतरतो. म्हणून दिवसाची ऊब घरात घ्यायची, ऊन उतरायच्या आधी ती कोंडायची, आणि रात्री खोलीपेक्षा अंग राखायचं. हे सगळं केल्यावरही गारठा उरलाच तर हीटरचा विचार कर.

भाड्यानं राहणाऱ्यानं पैसे कुठे घालायचे हेही ठरवून ठेव. रजई, सतरंजी, पडदा, पुठ्ठा, म्हणजे पुढच्या घरी सोबत नेता येईल त्यावर खर्च तुझा. भिंतीला, छताला, चौकटीला कायमचं लागेल ते घरमालकांकडे मागायचं.

आता गेल्या गेल्या पहिलं काम कूलरच्या खिडकीचं. आपल्याकडे कूलर एकदा खिडकीत बसला की बाराही महिने तिथेच असतो. मागे लोखंडी जाळी, तिच्यात वाळलेलं गवत, पुढे पंखा, आणि खोलीच्या बाजूनं उघड्या झडपा. म्हणजे भिंतीला दीड-दोन फुटांचं भोक पाडून ठेवल्यासारखंच झालं. लोक बाकीच्या खिडक्या घट्ट लावतात, जाड पडदे घेतात आणि हे भोक तसंच राहतं. उत्तरेकडचा वारा सुटला की गवतातून थेट पलंगावर येतो. आधी प्लग काढ, टाकीतलं पाणी पूर्ण उपसून टाकी पुसून कोरडी कर. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि तुझ्याकडे तान्हं बाळ आहे. जुनं गवत काढून फेकून दे. त्यात वर्षाची धूळ आणि बुरशी असते, नवीन गवत मार्चमध्ये लागणारच आहे. कूलर काढून ठेवायला जागा असेल तर काढून घ्या आणि खिडकीची दारं लावा. जागा नसेल तर बाहेरच्या तिन्ही बाजूंनी ताडपत्री गुंडाळून सुतळीनं आवळा. आतल्या बाजूनं मोठ्या खोक्याचा पुठ्ठा दुहेरी करून झडपांच्या मापाचा काप, वर जुनी चादर शिव आणि चौकटीत ठोकून बसव. खिळा लागत नाही, रंग निघत नाही. थर्मोकोलही चालतो, पण तो भसकन पेटतो, म्हणून मला पुठ्ठाच बरा वाटतो. कूलरच्या कडेनं भिंत आणि चौकटीत बोटभर फट असतेच. तिच्यात जुन्या साडीच्या घड्या कोंब. एवढ्या एका कामानं खोलीत किती फरक पडतो ते पहिल्याच रात्री कळेल.

मग दारं. आपली जमीन कापसाची काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, हिवाळ्यापासून सुकून आकसते, तिला भेगा पडतात, आणि तिच्यावर उभ्या घराच्या चौकटीही हलतात. श्रावणात घासत लागणारं दार पौषात सैल होतं, कारण लाकूडही सुकलेलं असतं. फट कुठे आहे ते शोधायचं तर संध्याकाळी पंखे बंद कर आणि पेटती उदबत्ती दाराच्या, खिडकीच्या कडेकडेनं फिरव. धूर जिथे आडवा पळेल तिथे वारा येतो. फक्त पडदा दूर सारून हे कर. नव्या घरांना उंबरठा नसतो, दाराखालून वारा सरळ शिरतो. दाराच्या रुंदीची लांब पिशवी शिवून तिच्यात वाळू किंवा सरकी भर आणि रात्री दाराशी लाव. स्लायडिंगच्या खिडकीची दोन तावदानं जिथे एकमेकांवर येतात तिथे फोमची पट्टी चिकटते. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. गोंदाचा डाग पडतो का ते आधी कोपऱ्यात तुकडा लावून बघ. न्हाणीची खिडकी मात्र बुजवू नकोस, ती का ते पुढे सांगते.

उन्हाचं तुझ्या सासरी कोणी सांगितलं नसेल. डिसेंबरच्या शेवटी दुपारी बारालाही सूर्य आपल्या डोक्यावर येत नाही, दक्षिणेला कललेला असतो, जमीन आणि डोकं यांच्या साधारण मध्यावर. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोल आत येतं. खिडकीचा वरचा काठ सात फुटांवर असेल तर सज्जा असूनही फरशीवर पाच फूट ऊन पसरतं. मेच्या उत्तरार्धात तोच सूर्य दुपारी अगदी माथ्यावर असतो, तेव्हा त्या खिडकीतून ऊन आत येत नाही. म्हणून दक्षिणेची खिडकी दोन्ही ऋतूंत गुणाची. नऊ ते चार तिचा पडदा पूर्ण उघडा ठेव, काचेवरची धूळ पुसून घे, आणि ऊन पडतं तिथली सतरंजी उचलून ठेव म्हणजे फरशी तापते. चार-साडेचारला खिडकी बंद, पडदा बंद, सतरंजी खाली. पडदा जाड हवा आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढे गेलेला हवा. नाहीतर काचेशी गार झालेली हवा कडेनं खाली उतरत राहते. पश्चिमेच्या भिंतीला मे महिन्यात सगळे शिव्या देतात, पण थंडीत दुपारभर तापलेली ती वीट रात्री आठ-नऊपर्यंत कोमट असते. पलंग तिच्या बाजूला घे. उत्तरेच्या भिंतीला लागून बाळाला झोपवू नकोस.

तुमच्या डोक्यावर गच्ची आहे, त्याला फारसा इलाज नाही. निरभ्र रात्री उघडा स्लॅब आपली ऊब आभाळाला देऊन टाकतो आणि पहाटेपर्यंत गार पडतो. पुढचं घर बघताना मधला मजला बघ, उन्हाळ्यातही तोच सोसवतो. सध्या दोन खोल्यांपैकी जिच्या वर पाण्याची टाकी, जिना किंवा दुसरं बांधकाम असेल, ती झोपायला घे. टिनाच्या खोलीत आम्ही वर कापडाचं छत बांधायचो. टिन आणि कापड यांच्या मधली हवा थंडी अडवते, आणि पहाटे टिनाला सुटलेल्या पाण्याचे थेंब अंथरुणावर पडत नाहीत. तुला त्याची गरज नाही, पण तुझ्या शेजारी टिनात राहणारी पोरं असतील, त्यांना सांग. दिव्यापासून कापड लांब ठेवायला सांग.

अंथरुण-पांघरुणाचं मला जास्त सांगायचंय. आपण कापसाच्या जिल्ह्यात राहतो आणि लोक बाजारातून पॉलिस्टरची चकचकीत ब्लँकेटं आणतात, याचं मला वाईट वाटतं. ऊब कापसाची नसते, कापसात अडकलेल्या हवेची असते. पिंजारी मला हेच सांगायचा. वापरून वापरून रुई दबते, गोळे होतात, हवा निघून जाते, आणि रजई जड असूनही उबेला कमी पडते. ती फेकायची नाही, पिंजून घ्यायची. पूर्वी पिंजारी दारात येऊन धनुकलीनं पिंजायचा. आता गादीवाल्याकडे मशीन असतं. दोन-तीन वर्षांतून एकदा रुई पिंजून खोळ बदलली की जुनीच रजई पुन्हा नवी होते. टाके जवळजवळ घालायला सांग, नाहीतर रुई पायथ्याशी गोळा होते आणि छातीवर नुसतं कापड उरतं. एका जाड रजईपेक्षा दोन पातळ बऱ्या, मध्ये हवा राहते आणि गरज नसेल तेव्हा एक काढता येते. माझी एक तीन किलोची आहे, ती तू घेऊन जा. मी आता हलकी पांघरते.

वरचं पांघरूण सगळे बघतात, खालचं कोणी बघत नाही. अंगाखालची रुई वजनानं दबलेली असते, म्हणून पाठीला फरशी लागते. खाली झोपत असाल तर आधी कोरडं पोतं, त्यावर दरी, मग गादी, मग जुन्या सुती साड्यांची वाकळ. व्हिट्रिफाइड टाइल्स तर पायातला जीव काढतात. घरात सपाता आणि मोजे घाल, त्यात लाजायचं काही नाही. दर दोन-चार दिवसांनी गाद्या-रजया गच्चीवर उन्हात टाक, दुपारी उलटव, आणि ऊन तापलेलं असतानाच चार वाजता खाली आण. सहापर्यंत ठेवलंस तर त्या पुन्हा गार आणि दमट होतील. गच्चीवर टाकायची घरमालकीणबाईंना आधी विचारून घे.

तुझा मामा हरभऱ्याला रात्रीच्या लाइनीवर ओलित करायचा. जानेवारीच्या रात्री दोनला पाण्यात पाय. तो कान आणि छाती बांधायचा, आणि पाणी फिरवून आला की आधी पाय पुसून कोरडे कपडे घालायचा, मग शेकायचा. ओल्या अंगाला शेकोटीही पुरत नाही, असं तो म्हणायचा. केस रात्री धुऊ नकोस. बाळाचं लंगोट ओलं झालं की लगेच बदल. झोपताना पायांशी गरम पाण्याची रबरी पिशवी घे. त्या दीड लिटर पाण्याला तापायला युनिटचा दहावा हिस्सा लागतो, आणि पाय तीन-चार तास तरी उबदार राहतात. उकळतं पाणी भरू नकोस, बूच लावून पिशवी उलटी करून तपास, आणि ती पिशवी बाळाजवळ कधीच ठेवू नकोस.

आता त्या हीटरचा हिशेब. दोन हजार वॅटचा हीटर अर्धा तास चालला की एक युनिट. रोज चार तास लावला तर आठ युनिट, महिन्याचे 240. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटपर्यंतचा टप्पा स्वस्त आहे, पुढचा तीनशेपर्यंतचा बराच महाग. तुमचं नेहमीचं घर शंभराच्या आत भागत असेल तर हीटरचं जवळजवळ सगळं युनिट महाग दरानं पडेल. शिवाय हीटर जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढतो. टीव्हीच्या लहान सॉकेटला तो लावलास तर प्लग तापतो, वायर वितळते. जुन्या वायरमननं मला शिकवलं होतं ते असं: पाच मिनिटं चालव, बंद कर, प्लग काढून हात लावून बघ. गरम लागला तर ते सॉकेट त्या वस्तूचं नाही. फार गारठ्याच्या दिवशी बाळाच्या अंघोळीपुरता पंधरा मिनिटं हीटर लावायला माझी ना नाही, अर्धं युनिट जाईल. पण मोठ्या सॉकेटला, रजईपासून तीन-चार फूट लांब, आणि झोपायच्या आधी बंद.

मीटर तुमचा स्वतंत्र आहे की सबमीटर, हे बघ. तीन भाडेकरू एकाच मुख्य मीटरवर असले की सगळ्यांचे युनिट एकत्र होऊन महाग टप्प्यात जातात, आणि तुम्ही कितीही जपून वापरलं तरी फायदा होत नाही. तसं असेल तर वेगळ्या मीटरची गोष्ट काढा. सबमीटरच असेल तर महिन्याच्या पहिल्या तारखेला घरमालकांसमोर आकडा लिहून फोटो काढायचा.

हिवाळ्यात खरं बिल अंघोळीच्या पाण्याचं असतं. वीस लिटरची बादली अठरा अंशांवरून चाळीसवर न्यायला अर्धं युनिट लागतं, मग गिझर असो की रॉड, त्यात फरक नाही. फरक पडतो पाणी किती गार आहे त्यानं. गच्चीवरची काळी टाकी दुपारी उन्हानं कोमट असते आणि पहाटे सगळ्यात गार. म्हणून सकाळचं पाणी आदल्या दिवशी तीन-चार वाजताच भर, झाकून घरात ठेव. सकाळी ते टाकीतल्या पाण्यापेक्षा चार-पाच अंश तरी गरम असतं, आणि विजेचा पाचवा हिस्सा वाचतो. साठवणीचा गिझर असेल तर तो अंघोळीच्या आधी लाव, दोघांची अंघोळ लागोपाठ उरका आणि बंद कर. दिवसभर चालू ठेवलेला गिझर पाणी गार होईल तसं पुन्हा पुन्हा तापवत राहतो. रॉड असेल तर प्लास्टिकची बादली, पायात कोरडी चप्पल, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. घराचं अर्थिंग ठीक आहे का, गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी बसवलेला आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. हे घरमालकांकडे मागायचं काम आहे, आणि ते नक्की मागा.

आता जे सांगते ते कान देऊन ऐक. वणीला आमच्या गल्लीत दगडी कोळसा सहज मिळायचा. बायका अंगणात शेगडी पेटवायच्या, धूर संपेपर्यंत बाहेर ठेवायच्या, आणि निखारे लाल झाले की खोलीत न्यायच्या. धूर गेला म्हणजे धोका गेला, असं सगळ्यांना वाटायचं. तसं नाही. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि झोपेतला माणूस उठतच नाही. लाकडी कोळसा, गोवऱ्या, पऱ्हाटी, काहीही जाळलं तरी हेच. बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या बंद करून शेक-शेगडी ठेवायची आपली जुनी रीत आहे. माझ्या सासूबाईंनी ती माझ्या वेळी केली, प्रेमानंच केली. पण आता हे माहीत आहे, तर तुझ्या घरात ती होऊ द्यायची नाही. कोणी वडीलधारं आग्रह करेल. माझं नाव सांग, आजीनं बजावलंय म्हण.

न्हाणीची खिडकी बुजवू नको म्हटलं ते याच्यामुळेच. गॅसचा गिझर बंद न्हाणीत असला की तिथेही हाच वायू साठतो. तुमच्याकडे तो असेल तर न्हाणीच्या बाहेर हवेशीर जागी बसवून घ्या. तोवर पाणी बादलीत काढून गिझर बंद करायचा आणि मग अंघोळीला जायचं. घरात दोघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर सर्दी समजू नका. खिडक्या उघडा, बाळाला घेऊन बाहेर पडा आणि दवाखाना गाठा.

बाळाला ऊब सगळ्यात चांगली तुझ्या छातीशी. डॉक्टरही हेच सांगतात, त्वचेला त्वचा लावून वर दुलई घ्यायची. पण तुला डुलकी यायला लागली की त्याला त्याच्या जागी ठेव. आपण घालतो त्यापेक्षा एक थर जास्त त्याला पुरतो. हातपाय थोडे गार असले तरी घाबरू नकोस, मानेमागे किंवा छातीला हात लावून बघ. जड रजई त्याच्यावर टाकायची नाही, तोंडावर सरकेल असं काही जवळ ठेवायचं नाही. दुपारी बारा-एकला पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडून खोलीतली हवा बदल, गारठा होत नाही.

घरमालकांशी बोलायला तुम्ही दोघंही कचरता. काकाजी म्हणून समोर बसा, चहा घ्या, आणि काय हवंय ते नेमकं सांगा: फुटलेलं तावदान, न लागणारं दार, अर्थिंग. फुटलेली काच म्हणजे त्यांच्याही भिंतीत पावसाळ्यात पाणी, हे त्यांना समजतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे. भाड्यानं दिलेली जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं त्याच्या 14 व्या कलमात घरमालकाकडे दिलंय, आणि करार लेखी व नोंदणीचा हवा असं 55 व्या कलमात. तुमचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी दुरुस्ती कोणाकडे ते त्यातच लिहून घ्या. तुम्ही खर्च करून काही बसवणार असाल तर आधी त्यांचं लेखी हो घ्या आणि पावती जपा. कलम दाखवायची वेळ फारशी येत नाही. माहीत असलं की आवाज स्थिर राहतो, एवढंच.

खाण्याचं तुला मी सांगायला नको, सोबत जवसाची चटणी आणि डिंकाचे लाडू बांधलेत. तुरीचे सोले बाजारात आले असतील, दर दोन दिवसांनी भाजी कर.

होळीच्या आधी कूलरचे पुठ्ठे काढशील तेव्हा त्यांच्या मागे खिडकीचं माप आणि बाजू पेनानं लिहून ठेव. रजया दोन उन्हं दाखवून, खोळी धुऊन, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून पेटीत भर. पेटी फरशीवर नको, विटांवर ठेव. आणि जानेवारीचं बिल आलं की युनिट किती आलं ते मला फोनवर सांग. शंभराच्या वर गेलं असेल तर कुठे गेलं ते आपण दोघी मिळून शोधू.